मुलांच्या पुस्तकात वीटभट्टीवरची पोरगी हिरो कशी होते

मुलांसाठी लिहिणारे लोक हल्ली एक प्रश्न फार विचारतात. आदिवासी पाड्यावरचं, कोळीवाड्यातलं, मुंब्र्यातल्या मुस्लिम घरातलं नाहीतर व्हीलचेअरवरचं मूल हिरो असलेलं पुस्तक लिहायचंय, तर सुरुवात कुठून करू? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, थोडी माहिती गोळा केलेली असते, आणि कच्चा ड्राफ्ट वाचायला घेतला की तिसऱ्या पानावर शहरातून एक सर येतात आणि पुढची सगळी गोष्ट तेच चालवतात. पोरगं मुखपृष्ठावर आहे, नाव पोराचं आहे, पण गोष्टीत ठरवणारे सगळे मोठे, आणि तेही बाहेरून आलेले. माझ्या मते हा सगळा विषय इथेच सुरू होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण या विषयावर मोजमाप सगळ्यात जास्त अमेरिकेत झालंय. 1965 साली नॅन्सी लॅरिक नावाच्या बाईंनी 1962 ते 64 या तीन वर्षांत तिकडे छापलेली 5,206 मुलांची पुस्तकं तपासली, तर एक तरी काळं माणूस असलेली पुस्तकं निघाली 349, म्हणजे 6.7 टक्के. त्यांच्या लेखाची सुरुवातच अशी आहे की पाच वर्षांची एक काळी मुलगी पुस्तक बघून विचारते, यात नेहमी गोरीच मुलं का असतात. मग 1985 पासून विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका केंद्राने दरवर्षी मोजायला घेतलं, पहिल्या वर्षी साधारण अडीच हजार पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तकं फक्त 18. आणि 2018 च्या पुस्तकांचा आकडा तर गमतीशीरच आहे, म्हणजे हसावं की रडावं असा. मुख्य पात्र गोरं असलेली पुस्तकं 50 टक्के, प्राणी किंवा ट्रक-बिक असलेली 27 टक्के, आणि काळी, आशियाई, लॅटिनो, मूळनिवासी अशी सगळी मुलं एकत्र केली तरी 23 टक्के. थोडक्यात, त्या मुलांना पुस्तकात अस्वल भेटायची शक्यता स्वतःसारखं कोणी भेटण्यापेक्षा जास्त.

याचा मुलांवर काय परिणाम होतो ते रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेने 1990 मध्ये सांगितलं, आणि आजही सगळे तेच वापरतात. पुस्तक कधी आरसा असतं कधी खिडकी असतं, असं त्यांचं म्हणणं. ज्या मुलाला आरसाच मिळत नाही त्याला हळूहळू कळतं की आपण पुस्तकात घेण्यासारखे नाही, आणि ज्याला फक्त आरसेच मिळतात त्याला वाटतं जग म्हणजे आपणच. दुसरा भाग लोक विसरतात. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलालाही तिथल्याच येऊरच्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाची गोष्ट वाचायला मिळाली पाहिजे, आणि ती दया वाटावी म्हणून अजिबात नाही.

आता इंग्लंडचा एक आकडा देतो आणि आकडे संपवतो, कारण आपल्या मुद्द्याला तो नेमका लागतो. 2017 मध्ये तिथे छापलेल्या 9,115 पुस्तकांत गोऱ्यांव्यतिरिक्त इतर वंशाचं कोणी तरी दिसतं अशी पुस्तकं 4 टक्के, आणि तसं मूल मुख्य पात्र असलेली 1 टक्का. चारातली तीन पुस्तकं अशी की मूल चित्रात आहे, वर्गात मागच्या बाकावर बसलंय, हिरोचा मित्र आहे, पण गोष्ट त्याची नाही. आपल्याकडे हेच घरी करून बघा. शेल्फवरची मराठी पुस्तकं काढा आणि प्रत्येकात एवढंच शोधा की शेवटचा पेच कोणी सोडवला आणि तो कुठे राहतो. बरं, आपल्या गोष्टीतल्या पोरांना आडनावच नसतं हे कधी लक्षात आलंय का? सोहम, ओवी, चिंटू, मिनी. आडनाव नाही म्हटलं की जात नाही, आणि मग घर, स्वयंपाक, सण, आजीचं बोलणं सगळं आपोआप एकाच प्रकारच्या घरातलं येतं, कोणी मुद्दाम ठरवलेलं नसतं तरी.

आता ती सरांची गोष्ट. समजा आपल्याला कातकरी मुलीवर लिहायचंय. कातकरी म्हणजे केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी समूहांपैकी एक, महाराष्ट्रात असे तीनच आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ठाणे, रायगड, पालघरमधली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरं सोबत असतात, शाळा बुडते. हे सगळं खरं आहे आणि वाईट आहे. आणि म्हणूनच लिहिणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्लॉट हाच येतो: सुनी भट्टीवर राबते, एक सर तिथून जातात, तिला पाटी देतात, आईबाप आधी नाही म्हणतात, सर समजावतात, सुनी शाळेत जाते, शेवटच्या चित्रात गणवेश आणि दोन वेण्या. मी असे इतके ड्राफ्ट वाचलेत की सरांची एंट्री कुठल्या पानावर होणार ते आधीच सांगू शकतो.

या प्लॉटमध्ये सुनी करते काय? काहीच नाही. तिचं होतं. तिला काय हवंय हेही आपल्याला कळत नाही, आपण तिच्यासाठी काय हवं ते ठरवून टाकलंय. आणि तिचे आईबाप, जे भर उन्हात हजार विटांमागे मिळणाऱ्या पैशांसाठी चिखल मळतायत, ते गोष्टीत व्हिलन झाले.

आता तीच भट्टी, तीच सुनी, पण तिला एक कुत्र्याचं पिल्लू देऊ. भट्टीवर काय होतं, चिखल मळून साच्यात भरतात आणि कच्च्या विटा जमिनीवर ओळीने काढून उन्हात सुकवतात, थोड्या सुकल्या की कडेवर उभ्या करतात, हे काम बऱ्याचदा पोरंच करतात. पिल्लू रात्री त्या ओल्या विटांवरून चालत जातं. सकाळी ओळीच्या ओळी पंजे. मुकादम विटा मोजायला येणार, खराब वीट मोजणीत धरत नाही, म्हणजे आईची कालची मेहनत गेली आणि पिल्लू तर नक्कीच हाकललं जाणार. आता सुनीला काहीतरी हवंय आणि तिच्याकडे वेळ कमी आहे. ती काय करेल? एक ओळ परत साच्यात घालेल, ते जमणार नाही कारण साचा तिला उचलत नाही. बाभळीच्या फांद्या आणून ओळीभोवती टाकेल, पिल्लू खालून घुसेल. मग ती बसून बघेल की हे येडं नेमकं त्याच ओळीवर का जातंय, आणि तिच्या लक्षात येईल की दिवसभर तापलेली भट्टीकडची बाजू त्याला उबेला हवीये आणि ओली ओळ मधल्या वाटेत आहे. सुक्या विटांची एक वेगळी वाट करून दिली की झालं. शेवटी पंजा उमटलेली एकच वीट सुटते, भाजली जाते, ट्रकमध्ये चढते आणि कुठल्या तरी टॉवरच्या भिंतीत जाऊन बसते.

बघा, यात गरिबी कुठे लपवली का? मोजणी आहे, मुकादम आहे, पोरीचं काम आहे, शाळा नाहीये हेही दिसतंय. पण वाचणारं मूल पान उलटतं ते पिल्लासाठी, आणि पेच सुनी सोडवते, तेही तिला भट्टी माहीत आहे म्हणून. टॉवरमधल्या सोहमला ते सुचलं नसतं. एवढं जमलं की बाकी कामं सोपी नसली तरी कळण्यासारखी आहेत.

लोक विचारतात, मग शोषणाबद्दल लिहायचंच नाही का? लिहा की. पण मुलाचं पूर्ण आयुष्य म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय, असं एकाही मुलाला स्वतःबद्दल वाटत नाही. त्याला भूक लागते, भांडण होतं, पतंग अडकतो, बहिणीचा राग येतो. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने 2008 च्या सुमारास दलित, मुस्लिम, आदिवासी मुलांच्या रोजच्या जगण्यावर गोष्टींची एक मालिकाच केली होती, ती याच भूमिकेतून.

याच्याच पोटातला दुसरा घोळ म्हणजे सण. मुस्लिम मूल मराठी गोष्टीत भेटतं ते रमजान ईदला, हातात शीरखुर्म्याची वाटी घेऊन, आणि वाटी देऊन निघून जातं. बौद्ध मूल 14 एप्रिलला. ख्रिश्चन मूल डिसेंबरात, केकसकट. उरलेले दिवस ही मुलं कुठे असतात देव जाणे. मुंब्र्यातल्या मुलाला सकाळच्या लोकलमध्ये चढायला मिळतं का, मॅचला उशीर झाला तर काय होतं, त्याला ऑफस्पिन टाकायचीये आणि भाऊ फक्त बॉल आणायला पाठवतो, ही गोष्ट का नाही? नाव इरफान, घरी अम्मी आहे, संध्याकाळी दूध आणायला खाली पाठवते, बस. तो मुस्लिम आहे हे प्रत्येक पानावर सिद्ध करायची गरज नाही.

अपंग मुलांच्या बाबतीत याची वेगळी आवृत्ती चालते. एकतर मूल शेवटी चालायला लागतं, नाहीतर ते इतकं गुणी असतं की सगळ्यांना त्याच्यापासून प्रेरणा मिळते. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत, आणि गोष्टीत येतात दोनच, आंधळा गायक आणि कुबडीवाला गरीब मित्र. एखादी कमी ऐकू येणारी चिडकी, खोडकर मुलगी लिहा ना, जिला आई ओरडायला लागली की कानातलं मशीन बंद करून ठेवायची युक्ती माहितीये. पोरं हसतील, आणि ती पोरगी लक्षात राहील.

भाषेचं काय करायचं यावर लोक फार भांडतात. माझं मत सांगतो. नवी मुंबईतल्या दिवाळे, करावे, सारसोळे अशा गावांत आगरी-कोळी घरात आजी एक बोलते, आई दोन्ही बोलते आणि पोरं शाळेत एक घरात एक. गोष्टीत होतं असं की आजी आणि मासेवाली बोलीत बोलतात, म्हणजे विनोदासाठी, आणि हिरोईन मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखी शुद्ध. मुलांना हे बरोबर समजतं, की हुशार झालं की आजीसारखं बोलायचं नाही. म्हणून बोली वापरायची तर हिरोच्या तोंडी आधी द्या, आणि तीही तिच्या शहाणपणाच्या वाक्याला. 'मना म्हाईत हाय' म्हणणारी पोरगी पेच सोडवू दे. निवेदन साधं ठेवलं की बाहेरच्या मुलालाही कळतं. आणि खाली तळटीप देऊन प्रत्येक शब्द समजावत बसू नका, चित्र असतं ना बाजूला. बोली स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याकडून लिहून घ्या, सिरियल बघून लिहिलेली आगरी दोन ओळींत ओळखू येते.

मग माहिती काढायची कशी. 'तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा' म्हणून वही काढून बसलात की लोक तुम्हाला तेच सांगतात जे सगळ्या पाहुण्यांना सांगतात, लग्न, नाच, देव. त्यापेक्षा पोरांना विचारा काल दुपारी काय केलं, कोण पडलं, कोणी कोणाला मारलं, घरात कशावरून ओरडा बसतो. खाडीकाठच्या पोरांना विचारलं तर ओहोटीला चिखलात कुठे पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो, निवटी, म्हणजे चिखलातला छोटा मासा, हातातून कशी सटकते, तिवरांची मुळं तळपायाला कशी लागतात हे ती हातवारे करून सांगतात. असा एक तपशील मिळाला की पान उभं राहतं. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून मुलांच्या लिखाणात फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. पण त्याच खाडीत होडी घालणाऱ्या घरातलं पोरगं हिरो असलेलं पुस्तक शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. आणि इथला इतिहासही भारी आहे. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ठाणे-रायगडमधल्या 95 गावांची जमीन गेली, 1984 च्या जानेवारीत आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. हे सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात भाषण म्हणून येऊच शकत नाही. पण 'हे स्टेशन आहे ना, इथे आमचं शेत होतं' असं आजोबा तिकिटाच्या रांगेत उभं राहून म्हणाले आणि नातवाने विचारलं 'प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला होता मग', तर येऊ शकतं.

खाण्याचंही तसंच. डब्यातली सुकट आणि वर्गातल्या पोरांचं नाक दाबणं हा सीन आता फार झालाय, आणि त्याचा शेवट नेहमी असा की बाई सगळ्यांना समजावतात आणि मग पोरं चाखून बघतात. म्हणजे सुकट चांगली ठरायला बाईंचं सर्टिफिकेट लागलं. त्या पोरीला तिची सुकट आवडते, ती कोणालाच द्यायला तयार नाही, असा सीन लिहून बघा, मजा उलटी फिरते.

चित्रं. पिक्चर बुकमध्ये निम्मी गोष्ट चित्रात असते, त्यामुळे इथे गेलं तर सगळं गेलं. सगळ्यात मोठी खोड म्हणजे आदिवासी पुस्तक म्हटलं की कडेला वारली बॉर्डर. अहो, पात्र कातकरी आहे! वारली चित्रं मूळची वारल्यांच्या घरातली, लग्नात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती सत्तरच्या दशकात कागदावर आणून जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांना स्वतःचा अर्थ आहे, ती आदिवासीपणाचा शिक्का म्हणून कुठेही उमटवायची गोष्ट नाही. चित्रकाराला फोटो द्या, शक्य असेल तर घेऊनच जा, घराचं दार किती उंच, भांडी कुठे असतात, पोरगी फ्रॉक घालते की भावाचा टीशर्ट. आजच्या पाड्यावर मोबाईल असतो, प्लास्टिकची खुर्ची असते, ती चित्रात येऊ दे. आणि रंग. त्वचेला एकच गुलाबीसर तपकिरी रंग सगळ्यांना फासलेला असतो, हे आधीच बोलून घ्यावं लागतं.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न, लिहायचं कोणी. अमेरिकेत 2015 मध्ये 'ओन व्हॉइसेस', म्हणजे स्वतःचे आवाज, असा हॅशटॅग आला, म्हणजे त्याच समाजातल्या लेखकाने त्याच समाजावर लिहिलेलं पुस्तक ओळखता यावं म्हणून. कल्पना चांगली होती, पण पुढे प्रकाशक तो शब्द जाहिरातीला वापरू लागले आणि लेखकांना आपली खाजगी ओळख, आजार, सगळं जाहीर करावं लागायला लागलं, शेवटी 2021 मध्ये 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेने तो शब्द वापरणं बंद केलं. आणि 2016 ची एक घटना अशी की जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातल्या गुलाम आचाऱ्यावरचं एक चित्रपुस्तक स्कोलॅस्टिकने काही दिवसांतच मागे घेतलं, कारण त्यातले गुलाम केक करताना आनंदाने हसत होते. त्या पुस्तकाची चित्रकार आणि संपादक दोघी स्वतः काळ्या होत्या. म्हणजे आपल्याच समाजातल्याने लिहिलं-काढलं की आपोआप बरोबर होतं असं नाही.

तरीपण माझं मत असं की बाहेरच्याने लिहायचं तर डबल मेहनत आणि शक्य तिथे जोडीने. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात दलित साहित्य आलं आणि मोठ्यांचं मराठी वाचन पार बदललं, ते त्या लोकांनी स्वतः लिहिलं म्हणून. मुलांच्या पुस्तकांत तेवढं काही झालं नाही. पाड्यावर, कोळीवाड्यात, तुर्भ्याच्या वस्तीत गोष्ट सांगणारी पोरं आणि बायका भरपूर आहेत, त्यांच्याकडून गोष्ट घेतली तर मुखपृष्ठावर नाव आणि मानधनात वाटा हवा. आभाराच्या पानावर 'पाड्यावरच्या सर्व बंधू-भगिनींचे आभार' म्हणून भागवणं मला तरी पटत नाही.

प्रॅक्टिकल बोलायचं तर पिक्चर बुक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की 8 किंवा 16 च्या पटीत पानं पडतात. शीर्षक, श्रेय वगैरे वजा केलं की गोष्टीला साधारण 12-13 जोडपानं उरतात. पहिली दोन पात्राला, त्यानंतर लगेच त्याला काय हवंय ते, मधे दोन-तीन फसलेले प्रयत्न, आणि शेवटच्या चारातलं ठरवणं त्याचंच. शब्द फार लागत नाहीत, प्रथम बुक्स या मुलांच्या प्रकाशन संस्थेच्या वाचन-पातळ्या बघितल्या तर पहिल्या पातळीला 250 पर्यंत, दुसरीला 600 पर्यंत. त्यांच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर, जी 2015 पासून आहे, गोष्टी खुल्या लायसन्सवर असतात, श्रेय देऊन भाषांतर करता येतं, छापताही येतं, स्वतःची गोष्ट टाकताही येते. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईचं तुलिका हेही चित्रपुस्तकं काढतात, पाठवण्याआधी त्यांची चार पुस्तकं वाचून घ्या म्हणजे कुठे काय चालतं ते कळेल.

आणि पाठवण्याआधी ड्राफ्ट दोन ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवा, एकदा ज्यांची गोष्ट आहे त्या पोरांना आणि एकदा ज्यांची नाही त्यांना. पहिली पोरं चुका काढतात, 'असं नाय करत कोणी' असं तोंडावर सांगतात, ते लिहून घ्यायचं. दुसऱ्यांचे प्रश्न ऐकायचे. त्यांनी विचारलं की 'ती गरीब आहे का' तर अजून काम बाकी आहे, 'पिल्लाचं पुढे काय झालं' असं विचारलं तर पाठवून द्या.